ताटाशेजारची कोरियन गोष्ट

काकू गाडी चालवताना डावीकडे वळत नसत. अमेरिकेत डावीकडे वळायचं म्हणजे समोरून भरधाव येणाऱ्या गाड्यांच्या मधून आपली गाडी काढायची, हा त्यांच्या मते उद्धटपणा होता. त्यामुळे घरापासून पाच मिनिटांवर असलेल्या लायब्ररीत जायला त्या आधी उजवीकडे, मग पुन्हा उजवीकडे, मग चर्चला वळसा घालून आणखी एकदा उजवीकडे वळायच्या, आणि निम्मं गाव पालथं घालून पोचायच्या. मी शेजारी बसलेली असले की माझा जीव वर-खाली व्हायचा. काकू, बाण हिरवा झालाय, वळा ना, असं म्हटलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "पोचतोय ना आपण? मग ह्यात काय एवढं?"

मी त्यांची भाडेकरू. ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका इन्शुरन्स कंपनीच्या प्रोजेक्टवर टेस्टिंग करायला नागपूरहून आले होते. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणीतरी सांगितलं, एक पुण्याच्या काकू आहेत, मुलगा बाहेरगावी असतो, वरची खोली रिकामी आहे. स्वभावाने जरा वेगळ्या आहेत, असंही सांगितलं. जरा, म्हणे. अरे बाप्पा! पहिल्याच हिवाळ्यात मी खाली आले तर थर्मोस्टॅटला कानटोपी घातलेली. तापमानाचा आकडा दिसला की माणसाला उगाच थंडी वाजते, म्हणून तो झाकून ठेवायचा, अशी काकूंची थिअरी. मी टोपी काढून ऑफिसला जायची, संध्याकाळी परत घातलेली असायची. शेवटी मीच एक जाड स्वेटर घेतला आणि विषय संपवला.

लायब्ररीत त्या व्हॉलंटियर होत्या. लोकांनी परत केलेली पुस्तकं जागेवर लावायची, एवढंच काम. पण सांगितलं तेवढंच करतील तर त्या काकू कसल्या? घटस्फोटाची पुस्तकं त्या उचलून लग्नाच्या तयारीच्या पुस्तकांशेजारी लावायच्या. लोकांची सोय, म्हणायच्या. डाएटची पुस्तकं केक-बिस्किटांच्या पुस्तकांत. तिथली लायब्रेरियन बिचारी सोमवारी सगळं परत जागेवर लावायची, आणि गुरुवारी काकू पुन्हा हलवायच्या. त्यांना काढून कसं टाकलं नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बहुतेक त्या दर गुरुवारी नारळाच्या वड्या न्यायच्या म्हणून.

आता काका. काका सरकारी खात्यात पुलांचे इंजिनियर होते. सज्जन माणूस, आवाज चढवणार नाही, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्यांची एकच खोड होती. ताटाशेजारी मराठीत छापलेलं काहीतरी असल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. आणि डब्लिनमध्ये मराठी छापील येणार कुठून? दिवाळी अंक ते पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवून वाचायचे, जाहिरातींसकट. पुण्याहून कोणी लोणच्याची बरणी पेपरात गुंडाळून आणली की काका आधी तो तेलकट पेपर सपाट करून ठेवायचे, लोणचं मग. मी एकदा त्यांना सत्यनारायणाच्या पोथीचं मागचं पान वाचताना पाहिलंय, जिथे प्रकाशकाच्या इतर पोथ्यांची नावं असतात ते.

आणि त्यांचा मुलगा. तो सिअ‍ॅटलला होता. आपल्या घरात असल्या गोष्टी पाहुण्यांपासून लपवतात, पण काकूंनी मला दुसऱ्याच आठवड्यात भाजी निवडता निवडता सांगून टाकलं होतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आला होता, तेव्हा आई-बाबांना समोर बसवून त्याने सांगितलं की माझा रूममेट हा नुसता रूममेट नाही, आम्ही एकमेकांचे आहोत, आणि कायमचे आहोत. काकू रडल्या. काका बरं म्हणाले, ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं. त्यानंतर ते मुलाशी बोललेच नाहीत. रागावले नाहीत, घरातून घालवलं नाही, नावं ठेवली नाहीत, फक्त बोलायचे थांबले. त्याचा फोन आला की उठून बाथरूममध्ये जायचे. मुलगाही मग यायचा थांबला. कुठल्या तोंडाने येणार?

"मी दोन महिने रडले," काकू मला म्हणाल्या. "मग कंटाळा आला रडायचा. मुलगा जेवतो, खातो, खुशीत आहे, कोणीतरी त्याची काळजी घेतंय. पण ह्यांना कोण सांगणार? जोपर्यंत हे बोलत नाहीत तोपर्यंत तो घरी येणार नाही. आणि मला तो घरी यायला हवाय."

झालं. एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी त्यांनी आम्हा दोघांना जे काही छळलं, त्याला तोड नाही. आधी त्यांनी लायब्ररीतून अशा मुलांच्या आई-वडिलांसाठी लिहिलेली इंग्रजी पुस्तकं आणून काकांच्या उशाशी ठेवली. काकांनी ती न उघडता, मुदतीच्या आत, स्वतः जाऊन परत केली. काकू मला म्हणाल्या, चूक माझीच. इंग्रजी वाचून ह्यांना काही होत नाही, इंग्रजीत हे पूल वाचतात.

मग एका गुरुवारी त्यांना ते कॉमिक सापडलं.

लायब्ररीत तेव्हा टीनएजर मुलांसाठी जपानी, कोरियन कॉमिक्सचं एक कपाट नवीनच झालं होतं. जपानी कॉमिक्सचा काकूंना भयंकर राग. ती मागून पुढे वाचायची असतात, त्यामुळे काकूंनी पहिलं उघडलं त्यात पहिल्याच पानावर नायक मेलेला. कोरियन मात्र आपल्यासारखी सरळ, डावीकडून उजवीकडे. निव्वळ ह्या एका कारणासाठी त्यांनी ते उचललं आणि तिथेच फरशीवर बसून निम्मं वाचलं. गोष्ट अशी होती. समुद्रकाठचं एक छोटं गाव, तिथली शाळा. प्राचार्यांचा मुलगा आणि नावाड्याचा मुलगा एका वर्गात. दोघांचं एकमेकांवर प्रेम जडतं. प्राचार्यांना कळतं, ते मुलाला समोरच्या बेटावरच्या शाळेत पाठवून देतात, आणि घरात त्याचं नाव काढायची बंदी करतात. अजून पुढचे भाग यायचे होते.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर काकू दारातच उभ्या. हे आपल्याला मराठीत करायचंय, म्हणाल्या. म्हणजे काय करायचंय, मी विचारलं. मराठीत करून ह्यांच्या ताटाशेजारी ठेवायचं, म्हणाल्या. हे मराठीतलं काहीही वाचतात, ह्यात काय एवढं?

ह्यात काय एवढं ते मी सांगते. आधी लायब्ररीत पानांच्या झेरॉक्स काढायच्या. काकू वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर मराठी लिहायच्या, ते मी माझ्या लॅपटॉपवर टाइप करायचं. त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे काय ताप होता हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. जोडाक्षर टाइप करावं तर चौकोन उमटायचे. मग छापायचं, पट्ट्या कापायच्या, चित्रातल्या मुलांच्या तोंडाजवळच्या फुग्यांवर ग्लू-स्टिकने चिकटवायच्या आणि पुन्हा झेरॉक्स. माझे कितीतरी शनिवार ह्यात गेले. माझ्या वयाच्या पोरी वीकेंडला शिकागो बघत होत्या, आणि मी यार डब्लिनमध्ये बसून कोरियन फुगे चिकटवत होते.

शिवाय काकू लिहायच्या पाल्हाळ. चित्रातला मुलगा नुसता नाही म्हणतोय, फुगा बोराएवढा, आणि काकूंनी लिहिलेलं असायचं, नाही रे बाबा, आज नको, घरी वाट बघत असतील. मी म्हणायचे, काकू, बसत नाहीये. त्या म्हणायच्या, अक्षर बारीक कर. त्यांनी कोरियन नूडल्सच्या शेवया केल्या. मुळ्याचं किमची आलं तिथे मुळ्याचं लोणचं. प्राचार्यांच्या बायकोला त्यांनी एक सबंध वाक्य दिलं जे मुळात नव्हतंच. मूळ चित्रात ती बाई नुसती खिडकीत उभी आहे. आमच्या मराठीत ती म्हणते, ह्यांच्यापुढे डोकं आपटून उपयोग नाही. मी तेही टाइप केलं. कुठे बोलणार?

पण खरं भांडण झालं ते प्रेमाच्या पानावरून. नावाड्याचा मुलगा धक्क्यावर बसलाय, आणि तो दुसऱ्याला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. सबंध पानभर एकच चित्र, भलामोठा फुगा, पहिल्यांदाच जागाच जागा. आणि काकू अडून बसल्या. असं मराठीत कोणी म्हणत नाही, म्हणाल्या, हे नाटकातलं वाटतं. मी म्हटलं, काकू, ह्या एका वाक्यासाठी आपण हे सगळं करतोय, सरळ लिहा. त्यांनी दोन दिवस घेतले. मग लिहून आणलं, "तुझ्याशिवाय मला करमत नाही."

लग्नाआधी काकांनी त्यांना पत्रात हेच लिहिलं होतं, म्हणून. ते मला नंतर कळलं. तेव्हा मी मुकाट्याने टाइप केलं.

पहिला भाग ताटाशेजारी आला त्या रविवारी मी मुद्दाम खाली जेवायला थांबले. काकांनी झेरॉक्सचा गठ्ठा उलटसुलट पाहिला, हे काय नवीन, विचारलं. काकू म्हणाल्या, कोरियन आहे, मी केलंय मराठीत, बघा चुका असतील. चुका म्हटल्यावर काकांनी खिशातून पेन्सिल काढली. वरण-भात कालवत ते वाचायला लागले, मध्येच ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचे, मध्येच हूं म्हणायचे. धक्क्याचं पान आलं. माझा घास हातातच राहिला. काकू पोळीवर तूप लावता लावता थांबल्या. काकांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "काय दोस्ती आहे पोरांची. आमचा सांगलीचा एक मित्र होता, त्याच्याशिवाय मला असंच करमायचं नाही. दोन-दोन तास कृष्णेत पोहायचो." आणि पुढे अर्धा तास सांगलीचा मित्र.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकांना एकेक भाग देत गेलो आणि ते दोस्तीच वाचत गेले. पोरं हातात हात घालून शाळेत जातात. काका म्हणायचे, आम्हीही जायचो. एकजण आजारी पडतो, दुसरा रात्रंदिवस उशाशी बसतो. काका म्हणायचे, मित्र असावा तर असा. पोरं रडतात तर काकांनी चष्मा पुसला. ऑफिसात डेस्कवर बसल्या बसल्या मला एकदम आठवायचं आणि संताप यायचा. असं कसं कोणाला दिसत नाही? मी काकूंना म्हटलं, सांगितलं होतं ना सरळ लिहा म्हणून. काकू म्हणाल्या, गोडी तर लागलीय ना? आपण पोचतोय.

गोडी लागली होती, हे खरं. पुढचा भाग लायब्ररीत यायला दोन-दोन महिने लागायचे, आणि काका मला जिन्यात गाठून हळूच विचारायचे, काही आलंय का नवीन.

नवीन भागात प्राचार्यच सगळं बोलून टाकतो. मुलाला समोर उभं करून सांगतो की तुम्ही दोघं मित्र नाही आहात, तुम्ही नवरा-बायकोसारखं प्रेम करता एकमेकांवर, आणि माझ्या घरात हे चालणार नाही. काकूंनी ह्या पानावर मात्र एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. काकांनी ते पान वाचलं आणि थांबले. ताकाची वाटी उचलली, तोंडाला लावली, खाली ठेवली. बराच वेळ ते त्याच पानाकडे बघत होते. मला वाटलं, आता ताट उचलतील आणि सिंकमध्ये ठेवतील. पण त्यांनी पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले. पेन्सिल काही त्या दिवशी बाहेर आली नाही.

जेवण झालं, ते उठून गेले. काकूंचे डोळे चकाकत होते. बोलतील आता, म्हणाल्या. पण कसलं काय. आठवडा गेला, महिना गेला. मुलाचा फोन आला की हे आपले बाथरूममध्ये. घरात तेवढ्यापुरती शांतता, मग पुन्हा हवापाणी, पूल, ताक. मला तर वाटायचं काकांना गदागदा हलवावं.

शेवटचा भाग आला तो सगळ्यात वाईट. बेटावरून प्राचार्यांचा मुलगा एकदा पळून यायला निघतो, मित्राला भेटायला. हवा वाईट, होडी छोटी. होडी उलटते. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सगळा गाव जमलाय, नावाड्याचा मुलगा एका बाजूला ओल्या कपड्यांत उभा, आणि प्राचार्य येतात, आपल्या मुलाला उचलून घेतात आणि त्या पोराच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, घरी जातात. संपलं.

मला ते टाइप करवेना. मी काकूंना म्हटलं, वाचवू या ना त्याला. चित्रं थोडी इकडची तिकडे लावू, फुग्यांत काहीतरी लिहू, तो जिवंत निघेल. शेवयांच्या बाबतीत एवढं केलं, मग हे का नको? काकू कात्री हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मुळीच नाही. वाचवला तर हे म्हणतील, झालं ना सगळं ठीक आपोआप, मग मी कशाला काही करू? तीस वर्षं ओळखते मी ह्यांना."

रविवारी दुपारी ताटाशेजारी शेवटचा गठ्ठा आला. काकांनी वाचता वाचता भात निवू दिला. शेवटचं पान उलटलं, पालथं करून पाहिलं, मागे काही आहे का. मग चष्मा काढला.

"काय माणूस आहे हा," ते म्हणाले. "मुलगा गेला, आणि ते दुसरं पोर तिथे थंडीत कुडकुडत उभं आहे. त्याच्याशी एक शब्द बोलत नाही? समोरून निघून जातो?"

आणि मग, आयुष्यात कधी आवाज न चढवणारे काका, त्यांचा आवाज चढला. त्यांनी त्या प्राचार्याची पार सालटी काढली. एवढं शिकून काय उपयोग, मुलांच्या शाळेवर असल्या माणसाला नेमतं कोण, ह्याला काळीज आहे की नाही. ते मनापासून चिडले होते, मान लाल झाली होती. मी बघतच राहिले. मला हसू येत होतं आणि भोकाड पसरून रडावंसंही वाटत होतं. वर्षभर मान मोडून फुगे चिकटवले, आणि ह्या माणसाला सगळं दिसलं, फक्त स्वतःचं नाक दिसलं नाही.

काकूंनी वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही बोललात का?" त्या म्हणाल्या.

"कोणाशी?"

"सिअ‍ॅटलला आपल्या मुलाबरोबर जो राहतो त्याच्याशी. त्याचं नाव तरी माहीत आहे तुम्हाला? त्या प्राचार्याला निदान त्या पोराचं नाव माहीत होतं."

काकांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "मी काही घरातून काढलं नाही त्याला."

"नाही काढलं. तुम्ही फक्त उठून गेलात. त्याचा फोन आला की अजून जाता." काकूंचा आवाज चढला नव्हता, दमला होता. "मला कंटाळा आलाय हो. किती दिवस मी तुम्हाला कोरियन पोरांच्या तोंडून सांगू? माझा मुलगा मला घरी हवाय."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण हात खरकटे, आणि खुर्ची ओढली असती तर आवाज झाला असता. काका ताटाकडे बघत बसले. त्यांची बोटं भातात तशीच होती.

"त्या माणसाचा मुलगा गेला," ते शेवटी म्हणाले. "आपला आहे."

"आहे," काकू म्हणाल्या. "तिथे आत्ता सकाळ आहे. घरीच असेल."

काका उठले, हात धुतले, नॅपकिनला नीट पुसले आणि स्वयंपाकघरातल्या फोनपाशी जाऊन उभे राहिले. नंबर त्यांना येत नव्हता. काकूंनी लावून दिला. आम्हाला पलीकडचं काही ऐकू आलं नाही. काका म्हणाले, मी बोलतोय. मग घसा साफ करून म्हणाले, "तो आहे का घरी? दे त्याला."

काकूंनी माझं मनगट धरलं आणि इतकं घट्ट धरलं की मला कळ आली. काकांनी शर्टाची कॉलर सारखी केली, ताठ उभे राहिले, आणि ऑफिसात वरच्या साहेबांशी बोलावं तसं म्हणाले, "गुड मॉर्निंग. आय अ‍ॅम हिज फादर."

पलीकडचा मुलगा काहीतरी बोलत असणार, कारण काका मान हलवत होते, त्याला दिसतंय अशा थाटात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि काकूंकडे वळून हळूच विचारलं, "ह्याचं नाव काय आहे?"

"त्यालाच विचारा," काकू म्हणाल्या.

काकांनी विचारलं.